घन पदार्थांतील प्रकाशीय परिणाम आणि फ्रँक आयझॅकसन पारितोषिक : एक परिचयात्मक अभ्यास

सारांश

अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या वतीने १९८० पासून दर दोन वर्षांनी दिले जाणारे फ्रँक आयझॅकसन पारितोषिक हे संघनित द्रव्य भौतिकीतील प्रकाशीय संशोधनासाठीचे एक महत्त्वाचे पारितोषिक आहे. प्रस्तुत लेखात या पारितोषिकाच्या निवडक मानकऱ्यांच्या कार्याच्या आधारे प्रकाशाच्या साहाय्याने घन पदार्थाची अंतर्रचना कशी जाणून घेतली जाते, याचे विवेचन केले आहे. शोषणाची कड, रामन प्रकीर्णन, अर्धवाहकातील दाता अणूंचा वर्णपट, पृष्ठभागाची अरेषीय प्रकाशिकी आणि अतिजलद स्पंदांनी घडविलेले स्थित्यंतर हे पाच विषय त्यासाठी निवडले आहेत. प्रकाशीय मापन हे स्वभावतः अप्रत्यक्ष असल्याने त्याचा अर्थ लावताना कोणती दक्षता आवश्यक असते, याची चर्चा महाविद्यालयीन संशोधनाच्या संदर्भात केली आहे.

बीजशब्द : संघनित द्रव्य, अर्धवाहक, निषिद्ध ऊर्जा अंतर, रामन परिणाम, वर्णपटविज्ञान.

१. प्रस्तावना

विज्ञानातील पारितोषिकांचा विचार करताना सामान्यतः नोबेल पारितोषिकापलीकडे आपली दृष्टी जात नाही. वस्तुतः प्रत्येक ज्ञानशाखेत त्या शाखेतील अभ्यासकांनीच निर्माण केलेली काही पारितोषिके असतात. त्यांची रक्कम मोठी नसते आणि वृत्तपत्रांतून त्यांची फारशी दखलही घेतली जात नाही. परंतु एखाद्या शाखेतील जाणकार कोणत्या प्रकारच्या कार्याला मोलाचे मानतात, हे समजून घेण्याचे ते एक विश्वसनीय साधन असते. फ्रँक आयझॅकसन पारितोषिक हे अशा पारितोषिकांपैकी एक होय.

हे पारितोषिक एखाद्या विशिष्ट पदार्थासाठी किंवा सिद्धांतासाठी नाही. प्रकाश या साधनाने घन पदार्थांविषयी नवे ज्ञान मिळविणाऱ्या कार्यासाठी ते आहे. एका अर्थाने निसर्गाला प्रश्न विचारण्याच्या एका पद्धतीचाच हा गौरव आहे. आपल्या पदवी आणि पदव्युत्तर प्रयोगशाळांतून हीच पद्धत दररोज वापरली जाते. त्यामुळे या पारितोषिकाचा इतिहास भौतिकशास्त्राच्या अध्यापकांसाठी केवळ माहितीचा विषय राहत नाही.

२. पारितोषिकाची पार्श्वभूमी

फ्रँक आयझॅकसन हे अमेरिकेच्या नौदल संशोधन कार्यालयात भौतिकशास्त्र विभागाची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये मूलभूत संशोधनाला जे शासकीय साहाय्य मिळाले, त्यात या कार्यालयाचा वाटा मोठा होता. अशा एका व्यवस्थापक भौतिकशास्त्रज्ञाचे नाव एका वैज्ञानिक पारितोषिकाला दिले जावे, ही बाब लक्षणीय आहे. संशोधन करणारा आणि संशोधनाला आधार देणारा या दोघांचेही ऋण त्यातून मान्य केले गेले आहे.

१९८२ मध्ये यान टाउत्स, १९८४ मध्ये मॅन्युएल कार्डोना, १९८६ मध्ये एलियास बर्स्टाईन, १९९४ मध्ये अनंत कृष्ण रामदास, १९९८ मध्ये युएन-रॉन शेन, २०१४ मध्ये टोनी हाइन्झ आणि २०१८ मध्ये आंद्रेआ काव्हालेरी हे या पारितोषिकाचे काही मानकरी होत. यांपैकी रामदास यांचा जन्म पुण्याचा आणि त्यांच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या, ही गोष्ट महाराष्ट्रातील अभ्यासकांनी आवर्जून लक्षात घेण्यासारखी आहे.

३. प्रकाश हेच साधन का?

घन पदार्थात एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे १०²² ते १०²³ अणू असतात. या अणूंच्या परस्परसान्निध्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या सुट्या ऊर्जापातळ्यांचे रुंद ऊर्जापट्टे बनतात. भरलेला संयुजा पट्टा आणि रिकामा संवहन पट्टा यांच्यामध्ये अर्धवाहकांत एक निषिद्ध ऊर्जा अंतर असते. यालाच बँड गॅप म्हटले जाते. कक्ष तापमानाला हे अंतर सिलिकॉनमध्ये सुमारे १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, गॅलियम आर्सेनाइडमध्ये १.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि हिऱ्यात सुमारे ५.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते.

दृश्य प्रकाशाच्या फोटॉनाची ऊर्जा साधारणपणे १.६ ते ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. म्हणजे इलेक्ट्रॉनांना एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात नेण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच ऊर्जा अवरक्त ते अतिनील या टप्प्यातील प्रकाशाजवळ असते. १२४० या संख्येला इलेक्ट्रॉनव्होल्टमधील ऊर्जेने भागले असता नॅनोमीटरमधील तरंगलांबी मिळते. या हिशेबाने सिलिकॉन सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषतो आणि त्यापुढील अवरक्त प्रकाशाला मात्र पारदर्शक राहतो. हिऱ्याची शोषणाची कड २२५ नॅनोमीटरच्या आसपास म्हणजे अतिनील भागात असल्याने शुद्ध हिरा डोळ्यांना रंगहीन दिसतो.

इलेक्ट्रॉनांबरोबरच अणूंचेही कंपन चालू असते. या कंपनांची ऊर्जा काही दशक मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट एवढी, म्हणजे अवरक्त प्रकाशाच्या मर्यादेत असते. पदार्थाला स्पर्श न करता आणि बहुधा त्याला हानी न पोहोचविता इलेक्ट्रॉन व अणू या दोहोंची माहिती देणारे साधन म्हणून प्रकाशाचे स्थान विशेष आहे.

४. शोषणाची कड : टाउत्स आणि बर्स्टाईन

यान टाउत्स हे मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे. प्राग येथे अर्धवाहकांवर मूलगामी कार्य केल्यानंतर १९६८ च्या राजकीय घडामोडींच्या पार्श्वभूमीवर त्यांनी देश सोडला आणि पुढे अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात अध्यापन केले. आपल्याकडे त्यांचे नाव सहसा ‘टॉक’ असे उच्चारले जाते आणि ‘टॉक आलेख’ या नावानेच ते विद्यार्थ्यांना परिचित असतात.

१९६६ मध्ये टाउत्स, ग्रिगोरोविची आणि वांकू यांनी अस्फटिकी जर्मेनियमच्या प्रकाशीय गुणधर्मांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्फटिकात अणूंची मांडणी नियमित असल्याने इलेक्ट्रॉनाचे संक्रमण होताना ऊर्जेबरोबरच संवेगाचेही बंधन पाळले जाते. अस्फटिकी पदार्थात दीर्घ पल्ल्याची नियमितता नसल्याने संवेगाचे हे बंधन उरत नाही. या गृहीतावर आधारित मांडणीत शोषणगुणांक आणि फोटॉनाची ऊर्जा यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ऊर्जेच्या तुलनेत आलेखित केले असता एक सरळ रेषा मिळते आणि ती ऊर्जेच्या अक्षाला जेथे छेदते ते प्रकाशीय ऊर्जा अंतर मानले जाते. पुढे घातांक बदलून हीच रीत स्फटिकी पदार्थांनाही लावली जाऊ लागली. थेट अनुमत संक्रमणासाठी वर्गमुळाऐवजी वर्ग घेतला जातो.

बर्स्टाईन यांचे कार्य या कडेचाच दुसरा पैलू दाखविते. इंडियम अँटिमोनाइडच्या शुद्ध नमुन्यात शोषणाची कड सुमारे ७ मायक्रोमीटर तरंगलांबीला आढळत होती. मात्र इलेक्ट्रॉनांचे प्रमाण पुष्कळ असलेल्या नमुन्यात तीच कड ३.२ मायक्रोमीटरच्या आसपास सरकलेली दिसत होती. एकाच संयुगाचे ऊर्जा अंतर दोन नमुन्यांत दुपटीहून अधिक वेगळे कसे असू शकेल, असा हा पेच होता. १९५४ मध्ये बर्स्टाईन यांनी आणि स्वतंत्रपणे इंग्लंडमधील मॉस यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. या पदार्थात इलेक्ट्रॉनाचे परिणामी वस्तुमान अत्यल्प असल्याने संवहन पट्ट्याच्या तळाशी उपलब्ध जागा थोड्या असतात. अपमिश्रणातून आलेले इलेक्ट्रॉन त्या जागा भरून टाकतात. पाउली यांच्या अपवर्जन तत्त्वानुसार भरलेल्या जागेत नवा इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाही. म्हणून फोटॉनाला इलेक्ट्रॉन अधिक उंचावर न्यावा लागतो. कड सरकते ती तळाच्या जागा व्यापल्या गेल्यामुळे, पट्ट्यांमधील मूळ अंतर वाढल्यामुळे नव्हे. ही घटना बर्स्टाईन-मॉस विस्थापन या नावाने ओळखली जाते. भ्रमणध्वनीच्या पडद्यांत आणि सौरघटांत वापरल्या जाणाऱ्या पारदर्शक वाहक थरांच्या अभ्यासात आजही तिचा विचार करावा लागतो.

५. कार्डोना आणि परावर्तनातील सूक्ष्म बदल

शोषणाची कड ही पट्ट्यांच्या रचनेची केवळ पहिली पायरी असते. त्यावरच्या ऊर्जांना पदार्थ इतका अपारदर्शक होतो की परावर्तित प्रकाशावरच विसंबावे लागते आणि परावर्तनाच्या आलेखातील उंचवटे रुंद व पुसट असतात. नमुन्यावरील विद्युतक्षेत्र, दाब अथवा तापमान यांत आवर्ती बदल घडवून परावर्तनात होणारा केवळ बदल मोजला, तर स्थिर पार्श्वभूमी वजा होते आणि संक्रमणांची स्थाने स्पष्ट होतात. या पद्धतीच्या विकासात कार्डोना यांचा मोठा सहभाग होता व १९६९ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्टुटगार्ट येथील माक्स प्लांक घनस्थिती संशोधन संस्थेच्या संस्थापक संचालकांपैकी ते एक होते. पीटर यू यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले अर्धवाहकांवरील पाठ्यपुस्तक अनेक पदव्युत्तर विभागांत संदर्भासाठी वापरले जाते.

६. अनंत कृष्ण रामदास : पुण्यापासून पर्ड्यूपर्यंत

रामदास यांचा जन्म १९३० मध्ये पुण्यात झाला. त्यांचे वडील एल. ए. रामदास हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे कोलकात्यातील विद्यार्थी आणि पुण्याच्या हवामान खात्यातील कृषिहवामानशास्त्राचे प्रवर्तक होते. रात्री जमिनीलगतच्या हवेत किमान तापमान प्रत्यक्ष भूपृष्ठावर न आढळता काही सेंटिमीटर उंचीवर आढळते, हे त्यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले होते. तो थर आजही ‘रामदास थर’ म्हणून ओळखला जातो. अनंत रामदास यांनी बंगळुरू येथील रामन संशोधन संस्थेत स्वतः रामन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि १९५६ मध्ये पुणे विद्यापीठाची पीएच. डी. पदवी संपादन केली. त्याच सुमारास ते अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गेले. तेथे कार्ल लार्क-होरोविट्झ यांनी जर्मेनियमच्या संशोधनाची परंपरा निर्माण केली होती. पुढे रामदास यांनी त्यांच्याच नावाचे प्राध्यापकपद भूषविले.

त्यांच्या कार्याचा गाभा समजून घेण्यासाठी सिलिकॉनमधील फॉस्फरसच्या अणूचा विचार करावा. फॉस्फरसच्या पाच संयुजा इलेक्ट्रॉनांपैकी चार बंधांत गुंततात आणि पाचवा इलेक्ट्रॉन धनप्रभारित अणुगाभ्याभोवती सैलपणे फिरत राहतो. ही रचना हायड्रोजनच्या अणूसारखीच आहे. दोन बाबतींत मात्र फरक आहे. सिलिकॉनचा परावैद्युतांक सुमारे ११.७ असल्याने आकर्षण तेवढ्या पटीने क्षीण होते आणि इलेक्ट्रॉनाचे परिणामी वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनाच्या सुमारे ०.३ पट धरता येते. हायड्रोजनची १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ही बंधनऊर्जा ०.३ ने गुणून ११.७ च्या वर्गाने भागली असता सुमारे ३० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट मिळते. कक्षेची त्रिज्याही अर्ध्या अँगस्ट्रॉमवरून सुमारे २० अँगस्ट्रॉमपर्यंत वाढते. म्हणजे हा एक अवाढव्य, फुगलेला हायड्रोजन अणू होय आणि त्याचा वर्णपट अतिनीलऐवजी दूरच्या अवरक्त भागात मिळतो.

प्रत्यक्ष मापनात फॉस्फरसची बंधनऊर्जा सुमारे ४५, आर्सेनिकची ५४ आणि अँटिमनीची ४३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट येते. साधे प्रतिमान खरे असते तर तिन्ही दाता अणूंची ऊर्जा सारखीच आली असती. हा फरक का पडतो? सिलिकॉनच्या संवहन पट्ट्याला सहा समतुल्य दऱ्या आहेत. त्यामुळे दाता अणूची तळस्थिती एकच न राहता एक, दोन आणि तीन अशा गटांत विभागते. अणुगाभ्याच्या अगदी निकट इलेक्ट्रॉनाला परावैद्युतांकाचे संरक्षण मिळत नाही आणि तेथे प्रत्येक मूलद्रव्याचे वेगळेपण प्रकट होते. १९६५ मध्ये अगरवाल आणि रामदास यांनी या तळस्थितीची सममिती प्रकाशीय मार्गाने निश्चित केली. नमुन्याचे तापमान किंचित वाढविले असता वरच्या गटांत काही इलेक्ट्रॉन पोहोचतात आणि वर्णपटात नव्या रेषा उमटतात. स्फटिकावर एका दिशेने दाब दिला असता समतुल्य दऱ्यांतील समानता भंगते आणि रेषांचे विभाजन होते. हे विभाजन कोणत्या दिशेच्या दाबाने व कोणत्या ध्रुवणात होते, यावरून सममिती ओळखता येते. सर्वांत खालची स्थिती एकेरी असल्याचे त्यातून सिद्ध झाले. १९८१ मध्ये रामदास आणि सर्जिओ रॉड्रिगेझ यांनी हायड्रोजनच्या या घनस्थितीतील प्रतिरूपांवर लिहिलेला विस्तृत आढावा या विषयातील मूलभूत संदर्भ मानला जातो. १९९८ मध्ये ब्रूस केन यांनी सिलिकॉनमधील फॉस्फरस अणूंवर आधारित पुंज संगणकाची कल्पना मांडली. त्यानंतर या जुन्या वर्णपटांना नवे महत्त्व प्राप्त झाले.

रामन प्रकीर्णनाशीही त्यांचे नाते अखेरपर्यंत टिकून होते. हिऱ्याच्या रामन वर्णपटात १३३२ प्रति सेंटिमीटर या स्थानी एक ठळक रेषा असते. कंपनाची वारंवारता वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने कार्बन-१२ ऐवजी कार्बन-१३ पासून बनविलेल्या हिऱ्यात ती सुमारे १२८० पर्यंत खाली यावयास हवी. समस्थानिकांचे प्रमाण नियंत्रित करून तयार केलेल्या हिऱ्यांवर १९९० च्या दशकात रामदास यांच्या गटाने जे प्रयोग केले, ते याच प्रकारच्या अपेक्षांची अचूक परीक्षा घेणारे होते. १९२८ मध्ये लागलेला शोध सात दशकांनंतरही नवी माहिती देत होता, हे येथे लक्षात येते.

७. पृष्ठभाग आणि एकाणू जाडीचे थर

पृष्ठभागावर अणूंचा एखादाच थर असतो, तर त्याखालच्या पदार्थात असंख्य थर असतात. त्यामुळे सामान्य प्रकाशीय मापनात पृष्ठभागाचा संकेत बुडून जातो. शेन यांनी या अडचणीवर सममितीच्या आधारे मार्ग काढला. ज्या माध्यमाला केंद्रसममिती असते, त्याच्या अंतर्भागात दोन फोटॉनांपासून एक फोटॉन निर्माण होण्याची क्रिया प्रथम सन्निकर्षाने निषिद्ध असते. पृष्ठभागावर मात्र ही सममिती आपोआप भंगते. म्हणून निर्माण झालेला नवा प्रकाश जवळजवळ केवळ पृष्ठभागाचीच वार्ता आणतो. याच तत्त्वावर १९९० च्या दशकात पाण्याच्या पृष्ठभागावरील रेणूंची रचना अभ्यासली गेली. काही रेणूंचा एक हायड्रोजन बंध न जोडता हवेकडे तोंड करून असतो, हे त्यातून दिसून आले.

शेन यांचेच विद्यार्थी असलेल्या टोनी हाइन्झ यांनी पुढे एकाणू जाडीच्या पदार्थांकडे लक्ष वळविले. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा जाड स्फटिक अप्रत्यक्ष ऊर्जा अंतराचा असल्याने क्षीण प्रकाश देतो. तोच एका थरापर्यंत पातळ केला असता थेट ऊर्जा अंतराचा बनतो व त्याचे प्रकाशउत्सर्जन कितीतरी पटींनी वाढते, हे २०१० मध्ये त्यांच्या गटाने दाखविले.

८. प्रकाश : निरीक्षक की कर्ता?

आतापर्यंतच्या उदाहरणांत प्रकाश पदार्थाची स्थिती केवळ जाणून घेतो. काव्हालेरी यांच्या कार्यात तो पदार्थाची स्थिती बदलतो. २०११ मध्ये त्यांच्या गटाने एका क्युप्रेट संयुगावर मध्य-अवरक्त प्रकाशाचे अत्यल्प कालावधीचे स्पंद टाकले. त्यानंतर काही पिकोसेकंदांत परावर्तनाच्या वर्णपटात अतिवाहकतेसारखी लक्षणे उमटली. २०१६ मध्ये पोटॅशियमयुक्त फुलरीनमध्ये २० केल्व्हिन या नेहमीच्या संक्रमण तापमानाहून बऱ्याच वरच्या तापमानाला तशीच लक्षणे नोंदविली गेली.

या निष्कर्षांवर मतभेद झाले, हे नमूद करणे आवश्यक आहे. स्पंदाची तीव्रता नमुन्यात खोलवर जाताना कशी घटते याविषयीचे गृहीत बदलले, तर अतिवाहकतेशिवायही तसाच परावर्तन आलेख मिळू शकतो, असा आक्षेप २०२३ मध्ये अन्य संशोधकांनी प्रसिद्ध केला आणि त्याला उत्तरही दिले गेले. २०२४ मध्ये काव्हालेरी यांच्या गटाने प्रकाशाने उद्दीपित केलेल्या क्युप्रेटमधून चुंबकीय क्षेत्र बाहेर सारले जात असल्याचे निरीक्षण मांडले. वर्णपटावरून काढलेल्या अनुमानाला वेगळ्या प्रकारच्या मापनाचा आधार शोधण्याचा हा प्रयत्न होता.

९. महाविद्यालयीन संशोधनाच्या दृष्टीने

वरील वाद अत्याधुनिक प्रयोगशाळेतील असला, तरी त्यातील प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. शिवाजी विद्यापीठासह महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत रासायनिक पद्धतीने पातळ थर तयार करण्याचे संशोधन दीर्घकाळ चालत आले आहे. त्यात टाउत्स यांची रीत जवळजवळ नित्याचीच झाली आहे. यंत्रातून शोषणाचा आलेख मिळतो, संगणकावर सरळ रेषा ओढली जाते आणि ऊर्जा अंतराचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिला जातो.

या आकड्यामागे किती गृहीतके आहेत, याचा विचार मात्र प्रत्येक वेळी होतोच असे नाही. संक्रमण थेट की अप्रत्यक्ष, हे ठरविल्याशिवाय घातांक निवडता येत नाही. एकाच आलेखावर दोन्ही घातांक लावून जी रेषा अधिक सरळ दिसेल ती स्वीकारणे हे ठोस प्रमाण नव्हे. काचेच्या आधारपट्टीचे शोषण, थराच्या खडबडीतपणामुळे होणारे प्रकीर्णन आणि दोषांमुळे कडेखाली पसरलेली शोषणाची शेपटी हे सर्व घटक छेदनबिंदू सरकवितात.

याहून गंभीर प्रश्न अर्थनिर्णयाचा आहे. अॅल्युमिनियमचे अपमिश्रण केलेल्या झिंक ऑक्साइडच्या थरात शोषणाची कड उच्च ऊर्जेकडे सरकल्याचे आढळले, असे समजू. याची किमान तीन कारणे संभवतात. कणांचा आकार अतिसूक्ष्म झाल्याने पुंज परिरोध झालेला असू शकतो, थरातील ताणामुळे पट्टे सरकलेले असू शकतात किंवा बर्स्टाईन यांनी दाखविल्याप्रमाणे संवहन पट्ट्याचा तळ इलेक्ट्रॉनांनी भरलेला असू शकतो. केवळ शोषणाच्या आलेखावरून यांपैकी कोणते कारण खरे, हे ठरत नाही. त्यासाठी हॉल परिणामाने वाहकांची घनता आणि क्ष-किरण विवर्तनाने कणांचा आकार व ताण मोजावा लागतो. कण पन्नास नॅनोमीटरचे असताना पुंज परिरोधाचे कारण देणे टिकत नाही. वाहकांची घनता १०²⁰ प्रति घन सेंटिमीटरच्या घरात असेल, तर बर्स्टाईन-मॉस विस्थापनाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

हे विवेचन विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एकाच थराच्या आलेखावर दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे रेषा ओढावी आणि दोघांच्या उत्तरांतील फरक नोंदवावा, एवढा साधा उपक्रमही मापनातील अनिश्चिततेची जाणीव करून देण्यास पुरेसा आहे. उत्तरासोबत त्याची त्रुटी लिहिण्याची सवय त्यातून लागू शकते.

१०. समारोप

आयझॅकसन पारितोषिकाच्या मानकऱ्यांच्या कार्यात एक समान सूत्र आढळते. बर्स्टाईन यांनी विसंगत दिसणाऱ्या दोन आकड्यांपैकी एक टाकून दिला नाही, तर दोन्ही खरे मानून कारणाचा शोध घेतला. रामदास यांनी साध्या प्रतिमानापासूनच्या विचलनालाच अभ्यासाचा विषय केला आणि तापमान व दाब यांच्या साहाय्याने स्पष्टीकरणाची परीक्षा घेतली. शेन यांनी सममितीच्या नियमाचा उपयोग करून नको असलेला संकेत मुळातच दूर ठेवला. काव्हालेरी यांच्या निष्कर्षांची परीक्षा अद्याप चालू आहे आणि ती चालू असणे हे शास्त्राच्या प्रकृतीचेच लक्षण आहे.

प्रकाशीय मापनातून मिळणारा आलेख हा पुरावा असतो. त्याचा अर्थ मात्र अभ्यासकाला लावावा लागतो. पुण्यातून पदवी घेतलेल्या एका संशोधकाने हे कार्य जागतिक पातळीवर कसे केले, याचा परिचय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अर्धवाहकांचा घटक शिकविताना करून देता येईल. टाउत्स यांचा आलेख शिकविताना त्याच तासाला बर्स्टाईन यांचे विस्थापनही शिकविले गेले, तर पातळ थरांवरील अनेक लघुशोधप्रबंधांची गुणवत्ता उंचावण्यास निश्चितच साहाय्य होईल.